मी क्यामो शीतल

मिरजेच्या मास्तरांनी वहीत लिहून दिलंय:
आधी हसायचं, दात न दाखवता.
मग म्हणायचं, बोंजोर्नो,
मी क्यामो शीतल मगदूम,
अंकलखोप, जिल्हा सांगली, म्हशी चौदा.
एजंटानं अर्जावर लाल शाईनं पुरुष लिहिलंय, दोनदा.
मागच्या खेपेला नावावरनं बाई समजून
म्हाताऱ्यांना सांभाळायच्या कामाला घातलं होतं यांना.

सकाळच्या धारा आटोपल्या की
मी बादली उपडी घालून बसते.
मी इटलीचा मालक.
हे समोर, गव्हाणीच्या कट्ट्यावर,
वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्मुडा,
कारण फोनमध्ये कमरेपर्यंतच माणूस लागतो.

दुधाला काय म्हणता?
लात्ते.
आणि हिची बसते ती?
ती लाथच, म्हणतात हे, आणि जरा मागं सरकतात.

मास्तर म्हणाले, भाषा सोपी आहे.
त्यांचं मी आपलंच मी,
त्यांचं तू आपलंच तू.
फक्त मालकाला तू म्हणायचं नाही, लेई म्हणायचं.
लई?
लई नव्हं, लेई.
वहीच्या समासात मी बारीक लिहून ठेवलंय,
लेई म्हणजे तुम्ही,
आणि लेई म्हणजेच ती.
ती कोण, ते यांनी विचारलं नाही.

मालक मात्र कामगाराला तूच म्हणणार.
म्हणून मी म्हटलं, ए तू, कोमे ती क्यामी?
लग्नाला नऊ वर्षं झाली, पहिल्यांदाच.
हे दचकले.
आतनं सासूबाईंनी तांब्या जरा जोरात ठेवला.
मी परत म्हटलं.
सराव नको का?

पुढचा प्रश्न. कामात कधी अडचण आली? मग काय केलं?
हे म्हणतात, अडचण काही नाही, सर.
मी बादलीवरनं उठते.
असं कसं नाही?
पुराच्या साली रात्री दोन वाजता
दावी कापली कुणी?
शाळेच्या जिन्यानं नऊ म्हशी वर चढवल्या,
नववी अर्ध्या जिन्यात अडून बसली,
खाली पाणी पायरी पायरी वर येत होतं,
तेव्हा शेपटीला पीळ कुणी दिला?
हे म्हणतात, तू.
मग ते मी कसं सांगू?
सांगा की, मी म्हणते,
मी म्हणजे मी. तिथंही मीच.

सडाला दगडी झाली तर कसं ओळखाल?
हे माझ्याकडं बघतात.
मी वहीत लिहिते:
पहिल्या चार धारा काळ्या वाटीत,
गुठळी दिसली की तिची धार शेवटी.
लिहिताना बोटाला शेणाचा वास, पानाला लागला असणार.
असू दे. त्यांना काय वहीचा वास येतोय?

काय बोलायचं नाही, त्याचं पान वेगळं आहे.
दिवस मावळल्यावर जेवत नाही, हे सांगायचं नाही.
मास्तर हसले, तिकडं उन्हाळ्यात
दिवस नऊला मावळतो, निवांत जेवा की.
नर रेडकांचं पुढं काय करतात, हे विचारायचं नाही.
त्यावर मास्तर हसले नाहीत.
पान उलटलं.

गुरुवारी साडेबारा, म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ.
रेंज फक्त वैरणीच्या गंजीपाशी.
फोनचा स्टँड काल रेडीनं चाटून चाटून पाडला, मोडला,
म्हणून फोन मीच धरणार,
यांच्या तोंडाइतका उंच, हात न हलवता,
चाळीस मिनिटं.
चौदा म्हशींचा हात आहे, हलणार नाही.

आज रंगीत तालीम.
छान बोलतात हे.
करार तीन वर्षांचा? सी.
पहाटे तीनला उठणं? सी.
थंडी? सी, सी, म्हणतात हे,
थंडीला नाही कशाला म्हणायचं.
मग मालक विचारतो,
वहीत नसलेलं विचारतो,
एकटाच येणार? सोलो?
हे थांबतात.
गंजीवरची चिमणीसुद्धा उडत नाही.
फोनच्या वरनं बघतात.

माझ्याकडं नको, मी म्हणते,
त्या भोकात बघा.